किनाऱ्यावरचे तास

गणपतीचे विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते. सेशेल्सच्या सफरीचे कागद आमच्या फोंड्याच्या घरी ई-मेलने आले आणि मुलाने ते छापून माझ्या हातात ठेवले. ह्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांचे भाडे भरले होते. माझे धाकटे दीर आणि जाऊ स्वखर्चाने येणार होते. जहाज लहान होते, जेमतेम चाळीस प्रवाशांचे. तुळशीचे लग्न आटोपून निघायचे, मुंबईहून विमानाने माहे बेटावर उतरायचे आणि तेथून आठवडाभर बेटाबेटांतून हिंडायचे, असा बेत होता. कागदांत एक तक्ता होता. प्रत्येक मुक्कामी किनाऱ्यावर जाण्याच्या सहली, अशा एकूण अकरा. काही भाड्यातच धरलेल्या होत्या, काहींचे वेगळे पैसे पडणार होते. निघण्याच्या एकवीस दिवस आधी प्रत्येकाने आपली निवड कळवायची होती, कारण काही सहलींना दहा-बाराच जागा होत्या.

तो तक्ता हातात धरून मी बराच वेळ सोप्यावर बसून राहिले. एकोणीस वर्षे मी याच व्यवसायाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. ऑक्टोबर ते मे या काळात मुरगाव बंदराला परदेशी प्रवाशांची मोठी जहाजे लागत, आणि छातीवर बिल्ला लावून, हातात बसच्या क्रमांकाची पाटी धरून मी सकाळी सातपासून धक्क्यावर हजर असे. जुने गोवे दाखवायचे, फोंड्याच्या बाजूच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मसाल्याची झाडे दाखवून जेवू घालायचे, पणजीत थोडे थांबायचे आणि जहाज सुटण्याआधी सर्वांना परत आणून सोडायचे, हे माझे काम. ते मी मनापासून केले. मात्र त्यातला हिशेब मला पाठ झाला होता, आणि आता तोच हिशेब स्वतःसाठी मांडण्याची वेळ आली होती.

छापील कागदावर आमची सहल आठ तासांची असे. त्यातला पाऊण तास सगळ्यांना जहाजावरून उतरवून बसमध्ये बसवण्यात जाई. जाऊन-येऊन रस्त्यावर अडीच तास मोडत. जेवणाला एक तास, दुकानाला पाऊण तास, शौचालयासमोरच्या रांगांना मिळून अर्धा तास. म्हणजे ज्यासाठी माणूस समुद्र ओलांडून आला, ते पाहायला त्याच्याकडे अडीच तासच उरत, आणि तेही तीन ठिकाणांत वाटलेले. 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूच्या चर्चमध्ये आम्हाला पंचवीस मिनिटे मिळत. बाहेरच्या रखरखीत उन्हातून आत आलेल्या माणसाचे डोळे आतल्या काळोखाला सरावतात, सोनेरी वेदीवरचे कोरीव काम हळूहळू दिसू लागते, आणि तेवढ्यात पाटी उंच करून मला निघण्याची खूण करावी लागे. त्या क्षणी समोरच्या चेहऱ्यांवर जे दिसे, ते मी विसरलेले नाही.

कुळागरातले दुःख निराळे होते. तेथे वेळ पुरे, पण पाय पुरत नसत. पोफळीच्या सावलीत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होत, आणि व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, पाऊल टाकताच हलू लागे. सहलीच्या कागदावर मात्र ‘सोपे चालणे’ एवढेच लिहिलेले असे. एक वयस्क बाई त्या साकवापाशी येऊन थांबल्या, मला म्हणाल्या की हे आधी कळले असते तर मी आलेच नसते, आणि दीड तास खुर्चीवर बसून राहिल्या. पलीकडे वेलदोडा होता, मिरीचे वेल होते, झरा होता. मी त्यांना जायफळाचे एक ताजे फळ आणून दाखवले. त्याहून अधिक काही करणे माझ्या हाती नव्हते.

म्हणून त्या रात्री जेवणानंतर आम्ही चौघे तक्त्याभोवती बसलो, तेव्हा मी आधी पेन्सिलने दोन नवे रकाने आखले. एक, पाय प्रत्यक्ष जमिनीवर किती वेळ असतील. दोन, होडीतून उतरायचे कसे. काय पाहायला मिळेल याचे वर्णन तक्त्यात भरपूर होते, छायाचित्रांसह होते. या दोन गोष्टींविषयी त्यात जवळजवळ काहीच नव्हते.

लहान जहाजाचा मोठा लाभ असा, की ते धक्का नसलेल्या बेटांपाशीही नांगर टाकू शकते. झोडियाक नावाच्या रबरी होड्यांतून आठ-दहा जणांना नेतात आणि अर्ध्या तासात सगळे प्रवासी किनाऱ्यावर असतात. मोठ्या जहाजावर याच कामाला दीड-दोन तास जातात. पण त्यामुळेच उतरण्याचे दोन प्रकार पडतात. जेटी असेल तर कोरडे उतरायचे, पायरीवर पाय ठेवून. जेटी नसेल तर होडी वाळूला टेकवतात, आणि रबरी कडेवर बसून, दोन्ही पाय बाहेर फिरवून, पाण्यात उतरावे लागते. पाणी घोट्याइतके असेल की गुडघ्याच्या वर, हे त्या दिवशीची लाट ठरवते. ह्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. सपाट रस्त्यावर ते तासभर सहज चालतात. अडचण आहे ती उंच-सखल पाऊल टाकताना आणि बसल्या जागेवरून आधाराविना उठताना.

“मला तर सगळ्याच सहली करायच्या आहेत,” भावोजी म्हणाले.

“भावोजी, एका दिवसात दोन करू नका,” मी म्हटले. “दुसऱ्या सहलीला माणूस फक्त बसायला जागा शोधत असतो. मी हे पाहिले आहे.”

धाकट्या जाऊबाईंना पोहता येत नाही आणि पाण्याची धास्तीही आहे. प्रवाळ पाहण्याच्या सहलींवर त्यांनी सरळ काट मारली, आणि ते योग्यच झाले. हे शांतपणे ऐकत होते. अखेर म्हणाले, “मला मोठी कासवे पाहायची आहेत. बाकी तू ठरवशील ते.”

माझी निवड तक्ता उघडताच झाली होती, व्हाले द मे. प्रासलिन बेटावरच्या या दरीत दर्यानारळाची झाडे नैसर्गिकरीत्या वाढतात. प्रासलिन आणि शेजारचे क्युरियूज ही दोन बेटे सोडली तर जगात ती कोठेही आपोआप उगवत नाहीत. दर्यानारळ आमच्या घराला नवा नव्हता. आजीच्या औषधाच्या डब्यात त्याचा काळपट, दगडासारखा कठीण तुकडा असे आणि पोट बिघडले की ती तो सहाणेवर दोन वळसे उगाळून देत असे. शेकडो वर्षे ही फळे लाटांबरोबर मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्यावर लागत, पण त्यांचे झाड कोणी पाहिले नव्हते. ते समुद्राच्या तळाशी उगवते असा समज होता. जुन्या गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ता यांनी 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात मालदीवच्या या नारळाविषयी लिहिले आहे. पणजीच्या बागेला त्यांचे नाव आहे, आणि त्या बागेपाशी उभे राहून मी प्रवाशांना हे कितीदा तरी सांगितले होते. झाडाचा पत्ता लागला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1768 साली, प्रासलिनवर. ते झाड आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही माझी जुनी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी मी सफरीच्या कचेरीला पत्र लिहिले. प्रत्येक सहलीबद्दल पाच गोष्टी विचारल्या. जेटी आहे की पाण्यात उतरायचे; चालायचे अंतर किती आणि वाट कशी; मध्येच थांबणाऱ्याला लवकर परतता येईल का; माहिती सांगणारा त्या बेटावरचा माणूस असेल की जहाजावरचा; आणि रद्द झाल्यास पैशांचे काय. चार दिवसांनी उत्तर आले. बहुतेक प्रश्नांची उत्तरे नेमकी होती. क्युरियूजसमोर मात्र पुन्हा ‘सोपी, सर्वांना जमेल अशी’ एवढेच लिहिले होते. मी तेथे पुन्हा विचारायला हवे होते. कासवे त्याच बेटावर होती, ह्यांची एकच इच्छा होती, आणि ‘सोपी’ हा शब्द मला त्या दिवशी हवाहवासा वाटला. एकोणीस वर्षे जो शब्द मी अविश्वासाने वाचला, त्यावर मी विश्वास ठेवला.

शेवटी आमची निवड अशी झाली की आम्ही दोघांनी पाच सहली घेतल्या, धाकट्या जाऊबाईंनी चार, आणि भावोजींनी सात. माहे बेटाची ‘संपूर्ण दर्शन’ नावाची सहल मी वगळली, कारण चार तासांत पाच थांबे होते आणि रकान्यातला माझा हिशेब एका थांब्याला वीस मिनिटांवर आला. त्याऐवजी व्हिक्टोरिया शहरात आपले आपण हिंडायचे ठरवले. शहर इतके आटोपशीर आहे की बाजार, घड्याळाचा मनोरा आणि तमिळ मंडळींनी उभारलेले विनायकाचे रंगीत गोपुराचे देऊळ पायी एका सकाळीत होते, आणि तसेच झाले.

जहाजावर गेल्यावर कळले की तक्ता हा केवळ आरंभ असतो. रोज संध्याकाळी सहलींचा प्रमुख सर्वांना बसवून दुसऱ्या दिवसाचे वारे, लाटा आणि भरतीच्या वेळा सांगे, आणि त्यानुसार क्रम बदले. कूझँ या पक्ष्यांच्या बेटावर फक्त सकाळी आणि तेही कामाच्या दिवशीच जाता येते, त्यामुळे ते एका दिवसाने अलीकडे आले आणि प्रासलिन पुढे गेले. ज्यांनी एकाच दिवसात दोन सहली घेतल्या होत्या, त्यांच्या या बदलामुळे तीन झाल्या. आमचे दिवस सुटसुटीत होते म्हणून आम्हाला काहीच हलवावे लागले नाही. स्वागतकक्षात एक वही ठेवलेली असे. रात्री नऊपर्यंत त्यात नाव घालता किंवा काढता येई. ही वही मला फार आवडली, कारण निवडीचा खरा निर्णय तेथे होत होता, समोरचा समुद्र पाहून.

क्युरियूजच्या सकाळी लाट थोडी होती. फार नाही, पण होडी वाळूला टेकली की मागून येणारी लाट तिला उचलत होती आणि पुन्हा आदळत होती. उतरवून घेणारे दोन खलाशी मांडीभर पाण्यात उभे होते. त्यांनी ह्यांना मनगटाच्या वर, कोपराखाली धरायला सांगितले, तळहाताला नव्हे. ओला तळहात निसटतो. ह्यांनी पाय बाहेर फिरवले, उजवा पाय पाण्यात ठेवला, आणि त्याच क्षणी होडी उचलली गेली. गुडघा आतल्या बाजूला मुडपला. ते पडले नाहीत, त्या दोघांनी त्यांना अक्षरशः उचलून वाळूवर आणले. पण ह्यांचा चेहरा पाहूनच मला समजले की पुढची वाट आता होणार नाही.

पुढची वाट दीड किलोमीटरहून थोडी अधिक होती, टेकडीच्या खडकांवरून आणि खारफुटीतल्या लाकडी फळ्यांवरून, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या काळातल्या डॉक्टरांच्या घरापर्यंत. 1873 सालचे ते घर आता संग्रहालय आहे, आणि ती वसाहत 1965 पर्यंत चालू होती. सहल एका किनाऱ्यावरून सुरू होऊन दुसऱ्यावर संपणार होती आणि होड्याही तिकडेच जाणार होत्या. म्हणजे मध्ये थांबणाऱ्याची सोय कोणी योजलीच नव्हती. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला वाळूवर उभे राहून मिळाले. सहलीच्या प्रमुखाने बिनतारी यंत्रावरून एक होडी मागवली, ती यायला सव्वा तास लागेल असे सांगितले आणि मनापासून क्षमा मागितली. मी ह्यांच्याबरोबर थांबले. भावोजी आणि जाऊबाई पुढे गेले.

कासवांचे ठिकाण सुदैवाने उतरण्याच्या किनाऱ्यालाच होते. आल्दाब्रा या बेटाहून आणून सोडलेली ती महाकाय कासवे मोकळीच फिरतात. नर दोनशे किलोंच्याही वर जातो. एक कासव ह्यांच्या पायाशी आले, मान लांब केली आणि थांबले. मानेखाली हात फिरवला की ते चारही पायांवर उंच होते आणि मान आणखी ताणते, असे तेथल्या वनरक्षकाने दाखवले. ह्यांनी तसे केले. सुरकुतलेली ती कातडी उन्हाने कोमट होती आणि स्पर्शाला जुन्या चामड्याच्या वहाणेसारखी लागत होती. सव्वा तास आम्ही तेथे बसलो. गटाबरोबर गेलो असतो तर कासवांपाशी पंधरा मिनिटे मिळाली असती. तरीही मला हे लिहिताना राग येतो, कारण ती होडी आणखी थोडी उचलली गेली असती तर ह्यांना फोंड्यात नव्याने शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले असते.

त्या रात्री ह्यांनी स्वतः उठून वहीतले आपले नाव कूझँच्या पानावरून काढले. “तू जा,” म्हणाले, “आणि मला येऊन सांग.”

कूझँला जहाजाच्या होड्या टेकू देत नाहीत. उंदीर किंवा कीड बेटावर पोहोचू नये म्हणून बेटाचे रखवालदार स्वतःच्या होडीतून न्यायला येतात. लाटेचा अंदाज घेऊन ते होडी वेगाने थेट वाळूवर चढवतात, आणि आधी सर्वांना घट्ट धरून बसायला सांगतात. हे पाहताच मला वाटले की ह्यांनी नाव काढले ते फार बरे झाले. हे बेट पूर्वी नारळाची बाग होते. सेशेल्स वॉर्बलर नावाचा एक लहानसा तपकिरी पक्षी जगात तीसही उरला नव्हता, आणि ते सगळे याच बेटावर होते. म्हणून 1968 साली पक्षीरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बेट विकत घेतले आणि माड हटवून मूळचे रान वाढू दिले. माडाच्या उत्पन्नावर घर चाललेल्या माझ्यासारखीला माड तोडण्याची गोष्ट ऐकताना प्रथम कसेसेच झाले. मग तो पक्षी माझ्यापासून तीन हातांवर येऊन बसला. आज त्याची संख्या हजारांत आहे आणि इतर बेटांवरही तो नेऊन सोडला आहे.

त्याच वाटेवर रखवालदाराने सर्वांना थांबवले आणि एका आडव्या फांदीकडे बोट दाखवले. पांढरी शुभ्र कुररी तेथे बसली होती. ती घरटे बांधत नाही. फांदीवरच्या लहानशा खोलगट जागेत, उघड्या सालीवर, तिचे एकच ठिपकेदार अंडे होते, आणि वाऱ्याने फांदी हलत असतानाही ते जागचे हलत नव्हते. आम्ही दहा जण श्वास रोखून पाहत होतो. मला बॉम जेझूतली ती पंचवीस मिनिटे आठवली, कारण येथे कोणीही पाटी उंच करत नव्हते. रखवालदार म्हणाला, हवा तेवढा वेळ घ्या.

व्हाले द मेला मात्र हे माझ्याबरोबर आले होते. तेथे बसने जायचे, बांधलेली वाट, पायऱ्या आहेत पण सावकाश चढण्याजोग्या. 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही दरी वीस हेक्टरांनाही पुरी भरत नाही. आत शिरताच पहिल्यांदा आवाज ऐकू येतो, वाऱ्याने एकमेकांवर आपटणाऱ्या प्रचंड पानांचा, पत्र्यावर पत्रा वाजावा तसा. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीच्या झाडावर ती जोडफळे पाहिली आणि मी तेथेच उभी राहिले. आमच्या माडावरचा नारळ वर्षभरात पिकतो. हे फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात, आणि त्यातले बी वनस्पतिसृष्टीतले सर्वांत मोठे आहे. प्रवेशद्वारापाशी एक बी उचलून पाहायला ठेवलेले होते. ह्यांनी एका बाजूने हात दिला तेव्हा मला ते उचलता आले. आजीच्या डब्यातला तो बोटभर तुकडा एवढ्या मोठ्या फळाचा होता. दोन सहली एकाच दिवशी केलेले भावोजी त्या वेळी बसमध्ये झोपले होते.

ला दीग बेटाच्या दिवसाची वेळ मात्र भावोजींनीच ठरवली. आन्स सूर्स दार्जांचा प्रसिद्ध किनारा गुलाबी खडकांचा आणि उथळ पाण्याचा आहे. ओहोटी फार खाली गेली तर पाण्यात बसण्यापुरतीही खोली राहत नाही. झुआरीत गळ टाकून वाढलेले भावोजी तिथीवरून म्हणाले की कार्तिक वद्य अष्टमी आहे, उधाण नाही, भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस. पाणी फार ओसरणार नाही. तसेच झाले, आणि जाऊबाई पहिल्यांदाच समुद्रात कमरेपर्यंत उतरल्या.

वाटेत जुन्या बागायतीत व्हॅनिलाचे वेल होते. तेथल्या मुलीने विचारले, कोणाला फूल हाताने फळवून पाहायचे आहे का. ते फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या अवधीत बारीक काडीने आतला पडदा उचलून पराग दाबावे लागतात. ही युक्ती 1841 साली रेयुनियाँ बेटावर बारा वर्षांच्या एडमंड आल्बियस या गुलाम मुलाने शोधली. मी पुढे झाले. आमच्या भागातल्या कुळागरात शेकडो पाहुण्यांना मी हे करून दाखवले आहे. काडी हातात घेतली, पडदा उचलला, अंगठ्याने हलकेच दाबले. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि दुसरे फूलही पुढे केले.

घरी परतल्यावर मी सफरीच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिले. क्युरियूजच्या सहलीसमोर चालणे किती अवघड आणि उतरणे किती अवघड हे वेगवेगळे छापावे, आणि ती सहल एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाते हे स्पष्ट लिहावे, एवढेच मागितले. महिनाभराने उत्तर आले. पुढच्या हंगामाच्या तक्त्यात दोन रकाने असतील असे त्यांनी कळवले आहे.

त्यानंतरच्या रविवारी हे आणि मी माझ्या जुन्या कुळागरात गेलो. मालकांनी वही-पेन्सिल दिली. मी पायऱ्या मोजल्या, ह्यांनी त्यांची उंची टेपने घेतली. आता तेथून सहलवाल्यांना जाणाऱ्या कागदावर लिहिलेले असते: उतरायच्या पायऱ्या एकतीस, कठडा डाव्या बाजूलाच, पावसानंतर शेवाळ असते, व्हाळावरचा साकव हलतो, पलीकडे न जाणाऱ्यांसाठी अलीकडे बाक आहे, आणि वेलदोडा, मिरी, जायफळ तेथे आणून दाखवले जाईल.